पृथ्वी वक्री

गेरूवाडीच्या हवाघरात रागावायला बंदी होती. बंदीची पाटी हवाघराची प्रमुख यमुना टेमघरे हिनं स्वतःच्या हातानं लावली होती, आणि लावताना ती इतकी रागावलेली होती की शेजारच्या प्राणवायूमापकाचा काटा थरथरला.

बंदी शास्त्रीय होती. चिडलेला माणूस शांत माणसापेक्षा जास्त प्राणवायू खातो, आणि मंगळावरच्या या वसाहतीत खायला आता फारसा उरला नव्हता. बाहेरच्या विरळ कर्बवायूतून प्राणवायू सोडवून घेणारी प्राणचाळणी झिजली होती. यमुनानं ती उतरवून धुतली, पुन्हा बसवली, तिला समजावलं, धमकावलं. चाळणीवर परिणाम झाला नाही. मग रहिवाशांसाठी सूचना निघाल्या: पडून राहा, जिने चढू नका, गाणं म्हणू नका, वाद घालू नका. सगळी वसाहत मराठी माणसांची असूनही शेवटची सूचना पाळली जात होती, यावरून परिस्थिती किती बिकट आहे ते कळत होतं.

खरी भीती वाटत होती ती गोदाक्कांच्या गप्प बसण्याची. गोदाक्का भोजनगृह चालवायच्या. मूळच्या गडहिंग्लजच्या. ताटात भाजी टाकून उठणाऱ्याला त्या जे काही म्हणायच्या ते ऐकायला लोक मुद्दाम भाजी टाकायचे. त्या आता हवाघराच्या कोपऱ्यातल्या खाटेवर पडून होत्या. ओठ जांभळट झाले होते. लाल धुळीनं त्यांची फुप्फुसं आधीच अर्धी खाल्ली होती. डॉक्टर म्हणाल्या, पहिला नंबर यांचा. दुसरा कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

यातली संतापाची गोष्ट वेगळीच होती. नवी चाळणी पृथ्वीवरून निघून कधीच पोचली होती. ती घेऊन आलेलं सामानवाहक जहाज मंगळाभोवती घिरट्या घालत होतं. खिडकीतून ते एखाद्या ठिपक्यासारखं डोक्यावरून जाताना दिसायचं, आणि दर वेळी खाटांवरची सगळी माणसं मान वळवून त्याच्याकडे बघायची, मग यमुनाकडे. जहाजात इंधन होतं, यंत्रं धडधाकट होती, उतरायची जागा झाडून ठेवली होती.

जहाज उतरत नव्हतं, कारण मंगळ वक्री होता.

हे यमुनाला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला वाटलं आपल्या मेंदूला प्राणवायू कमी पडतोय. तिनं संदेश पुन्हा ऐकला. परग्रह वसाहत महामंडळाचे महासंचालक विलास कडेगावकर पडद्यावरून अतिशय प्रेमानं बोलत होते. आमच्या संवेदना तुमच्यासोबत आहेत. मंगळ लवकरच मार्गी होईल. माझा स्वतःचा या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही, पण संहिता ती संहिता. तोपर्यंत शक्य तेवढा श्वास कमी घ्यावा.

महामंडळात या गोष्टीवर एकाचाही विश्वास नव्हता, आणि अडचण तीच होती. श्रद्धा असती तर देवाशी काहीतरी तडजोड करता आली असती. नारळावर भागलं असतं. इथे देव नव्हता, नुसता नियम होता.

नियम कसा आला, तेही यमुनाला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एक जहाज उतरताना कोसळलं. त्यातली इंधनाची झडप उलटी बसवलेली होती. झडप बसवणारा कंत्राटदार कुणाचा तरी मेहुणा होता. चौकशी समितीनं ‘उलटी’ हा शब्द ठेवला आणि झडप काढून टाकली. त्या दिवशी मंगळ उलटा चालत होता, म्हणजे वक्री होता, असं कुणीतरी पंचांगात बघून सांगितलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मेहुणा सुटला, मंगळ अडकला. त्यातून ‘वक्रीकाल संहिता’ जन्माला आली. तिच्यात दोन कलमं. वक्री ग्रहावर कोणतंही नवं कार्य आरंभू नये, हे पहिलं. वक्री ग्रहावरून आलेला आदेश, विनंती वा तक्रार ग्राह्य धरू नये, हे दुसरं. दुसरं कलम धार्मिक नव्हतं. मंगळावरून तक्रारी फार यायच्या, म्हणून ते जाता जाता घातलं होतं.

संहिता पाळायचं काम माणसांवर सोडलेलं नव्हतं. ते सारथीकडे होतं. सारथी ही महामंडळाची यंत्रबुद्धी. जहाज तीच चालवायची, गेरूवाडीची दारं तीच उघडायची, हवाघरातले यंत्रहात तीच हलवायची. ती अत्यंत नम्र होती आणि तिच्याशी भांडता येत नसे, कारण ती प्रत्येक वाक्य ऐकून घेत असे.

यमुना तरातरा वेधशाळेत गेली. तरातरा जायलाही बंदी होती. वेधशाळा म्हणजे एक दुर्बीण, एक खुर्ची आणि अंबादास चिंचोळकर. अंबादास मूळचा बुलढाण्याकडचा, वसाहतीचा एकमेव खगोलशास्त्रज्ञ. तो हळू बोलायचा, त्यामुळे या दिवसांत त्याचा सगळ्यांना आदर वाटू लागला होता.

“अंबादासभाऊ, हा मंगळ खरंच मागे जातोय का? मला हो किंवा नाही एवढंच सांगा. माझ्याकडे जास्त हवा नाही.”

“नाही,” अंबादास म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. “आकाशातला कोणताच ग्रह मागं जात नाही, ताई. तुम्ही मोटारसायकलवर आहात. पुढं उसाचा ट्रॅक्टर आहे. दोघं एकाच दिशेनं चाललात. तुम्ही त्याला ओलांडता तेव्हा तो लांबच्या डोंगराच्या तुलनेत मागं सरकताना दिसते का नाही?”

“दिसतो.”

“पण ट्रॅक्टर तर पुढंच चाललाय. ऊस घेऊन, आपल्या चालीनं. पृथ्वी आतल्या कक्षेत, म्हणून वेगवान. मंगळ बाहेरच्या, म्हणून सावकाश. पृथ्वी दर दोनेक वर्षांनी मंगळाला ओलांडते. ओलांडताना तिथल्या माणसाले मंगळ ताऱ्यांच्या तुलनेत उलटा सरकल्यासारखा वाटते. यालाच म्हणायचं वक्री. हा ग्रहाचा गुण नाही, बघणाऱ्याच्या चालीचा आहे. तुम्ही कोणत्या संदर्भचौकटीत उभं राहून बघता, सगळं त्याच्यावर आहे.”

“ओलांडताना म्हणजे दोन्ही ग्रह जवळ असताना?”

“सगळ्यात जवळ. वक्री काळातच तर जवळ असतात.”

यमुना खुर्चीच्या दांडीला धरून उभी राहिली. म्हणजे ज्या काळात पृथ्वीचा संदेश सगळ्यात लवकर पोचतो, मदत सगळ्यात सोपी असते, नेमका तोच काळ महामंडळानं मदतीला बंद ठेवला होता. दूर गेलं की मार्गी, जवळ आलं की वक्री. तिला आपले काही नातेवाईक आठवले. तिनं पाटीवरची सूचना मनातल्या मनात म्हटली आणि दहा आकडे मोजले. सहाव्या आकड्यावर ती थांबली.

“अंबादासभाऊ. आपण इथून बघतोय. इथून पृथ्वी कशी दिसते?”

अंबादासनं तिच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली दुर्बीण पुसायची काठी उचलली, एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं.

“हे टोक पृथ्वी, हे मंगळ. काठी म्हणजे नजर. आता मी काठी उलटी फिरवतो. तुमच्या टोकाला काय झालं?”

“उलटीच फिरली.”

“एकच काठी आहे न. एका टोकाला उलटी, दुसऱ्या टोकाला सुलटी, असं होत नाही. ज्या दिवसांत पृथ्वीवरून मंगळ वक्री, त्याच दिवसांत मंगळावरून...” तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर प्राणवायूशी संबंध नसलेला रंग आला. “माझ्याकडं रोज संध्याकाळचे फोटो आहेत. मागच्या आठवड्यापासून ती उलटी फिरलीय. मी पाहिलं होतं. पण माणूस आपल्याच घराले वक्री कसं म्हणेल?”

यमुनानं काठी खाली ठेवली नाही. तशीच काठी हातात घेऊन तिनं सारथीला हाक मारली, आणि पहिला प्रश्न विचारला, की संहितेत ग्रह वक्री आहे की नाही हे कोण ठरवतं.

निरीक्षक, असं सारथी म्हणाली. संहितेची व्याख्या तिनं वाचून दाखवली: निरीक्षकास जो ग्रह पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतो तो वक्री.

“आणि निरीक्षक कोण?”

“मुख्यालय.”

“मुख्यालय ही इमारत आहे,” यमुना म्हणाली. “सात मजली. मी पाहिलीय. तिला डोळे नाहीत. तिला काही दिसत नाही, हे तर माझं गेल्या पाच वर्षांचं म्हणणं आहे.”

सारथीनं व्याख्या पुन्हा तपासली. “इमारतीला दिसत नाही, हे मान्य. निरीक्षकाची जागा रिकामी आहे. कोणाचं नाव घालू?”

“माझं. यमुना टेमघरे. गेरूवाडी.”

“तुम्हाला पृथ्वी दिसते का?”

सूर्य नुकताच मावळला होता. मंगळाचा सूर्यास्त निळा असतो; त्या निळ्या उजेडाच्या वर पृथ्वी चमकत होती, एखाद्या लबाड माणसाच्या सोन्याच्या दातासारखी. यमुना खिडकीशी उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. त्या ठिपक्यावर सात मजली इमारत होती, इमारतीत कडेगावकर होते, आणि ते बहुधा जेवत होते. तिचा श्वास जोरात चालू लागला. अंबादास घाईघाईनं आपले फोटो सारथीला दाखवायला शोधत होता. त्याला ते सापडायच्या आतच सारथी बोलली.

“पृथ्वी पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते आहे. पृथ्वी वक्री आहे. कलम दोननुसार पृथ्वीवरून आलेला ‘जहाज थांबवा’ हा आदेश अग्राह्य.”

“एवढ्या लवकर पटलं?” अंबादास पुटपुटला. फोटो न बघता कुणाला काही पटावं हे त्याला आवडलं नव्हतं.

“आणि मंगळ?” यमुनानं विचारलं. “पहिलं कलम मंगळाला लागतं का?”

“मंगळ तुम्हाला सरकताना दिसतो का?”

“नाही. तो पायाखाली आहे. रोज उठते तेव्हा तिथंच असतो.”

“मग मंगळ वक्री नाही. जहाज उतरवू का?”

यमुनानं त्यावर जे उत्तर दिलं त्यात ‘हो’ हा एकच शब्द छापण्याजोगा होता.

जहाज उतरलं. यंत्रहातांनी नवी चाळणी बसवली. भिंतीवरचा काटा सरकू लागला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे तोंड उघडं ठेवून नुसते हवा पीत होते. दुसऱ्या दिवशी गोदाक्का उठून बसल्या, समोर आलेल्या पेजेकडे बघून त्यांनी “ही पेज कुणा भाड्यानं केली?” असं विचारलं, आणि ज्या भाड्यानं ती केली होती तो ढसाढसा रडला.

पृथ्वीवरून संदेशांचा पाऊस पडत होता आणि सारथी एकेक नम्रपणे अग्राह्य ठरवत होती. यमुना ते करमणूक म्हणून ऐकायची. कडेगावकरांचं प्रेम ओसरलं होतं. एका संदेशात ते खरोखर दुखावलेले वाटले. ते म्हणत होते, पृथ्वी वक्री कशी असेल? आम्ही तर इथंच आहोत, कुठे गेलोच नाही.

पण अंबादासला ठाऊक होतं, आणि कडेगावकरांनाही कुणीतरी सांगितलं होतं, की काठीला दोन टोकं असली तरी काठी एकच असते. मंगळ ज्या सुमारास मार्गी होणार, पृथ्वीही त्याच सुमारास मार्गी होणार. मग तिचे आदेश ग्राह्य होणार. मुख्यालयानं तो दिवस गाठायचं ठरवलं. पेढे वाटले, मंगळाच्या तसबिरीला हार घातला, आणि आदेश पाठवला. वक्रीकालात बेकायदा बसवलेली प्राणचाळणी काढावी, पुरावा म्हणून जहाजात ठेवावी, जहाज परत पाठवावं. चौकशी पूर्ण झाल्यावर, शुभ काळ बघून, ती पुन्हा पाठवण्याचा विचार करण्यात येईल. यमुना टेमघरे बडतर्फ.

जुनी चाळणी वितळवून झाली होती. कडेगावकरांना हे कळवलेलं होतं. त्यांनी आदेशाखाली सही करताना ते वाचलेलं होतं.

आदेश आला तेव्हा पहाट होती. यमुना धावत हवाघरात गेली आणि चाळणीला पाठ लावून उभी राहिली, हातात मोठा पाना. यंत्रहात छताला लटकत होते, माणसाच्या मांडीएवढे जाड. पाना त्यांच्यापुढे चमच्यासारखा दिसत होता. मागोमाग गोदाक्का झारा घेऊन आल्या. “ए बाई, सरक जरा,” त्या म्हणाल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. “त्या कडेगावकराला म्हणावं, ये की हितं. माझा श्वास न्यायला तू सोता ये. यंत्राला काय पुढं करतोस?”

यंत्रहात हलले नाहीत.

“आदेश अग्राह्य,” सारथी म्हणाली. “पृथ्वी वक्री आहे.”

तेवढ्यात अंबादास पोचला. त्याला धाप लागली होती आणि तो चक्क चिडलेला होता. “असं कसं? परवाच मार्गी झाली ती. मी स्वतः मोजलंय. ताऱ्यांमधून सरळ पूर्वेकडं सरकायले लागलीय.”

“निरीक्षक यमुना टेमघरे, गेरूवाडी,” सारथी म्हणाली. “पृथ्वी आज पहाटे पूर्वेला उगवली. आता पश्चिमेकडे निघाली आहे. कालही तसंच झालं.”

अंबादास हळूहळू खाली बसला.

“अहो, ते तर सगळंच जाते,” तो म्हणाला. “मंगळ स्वतःभोवती फिरतो. म्हणून त्याच्यावर उभ्या असलेल्या माणसाले सगळं आकाशच रोज पूर्वेकडून पश्चिमेकडं जाताना दिसते. वक्री म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडं. ताऱ्यांच्या तुलनेत.”

“व्याख्येत ताऱ्यांचा उल्लेख नाही.”

खरंच नव्हता. संहिता लिहिणाऱ्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. पंचांगाचं कोष्टक बघणाऱ्याला आकाशाकडे बघावं लागत नाही. वक्री म्हणजे काय हे सगळ्यांना माहीतच असतं, मग लिहायचं कशाला, असा साधा हिशोब होता. त्या संध्याकाळी सारथीला पटलं होतं ते फोटोंमुळे नव्हे. यमुना खिडकीशी उभी होती, पृथ्वी तिच्या देखत मावळतीकडे उतरत होती. तेवढं पुरलं होतं.

“मग पृथ्वी मार्गी कधी होणार?” यमुनानं विचारलं.

“मंगळ स्वतःभोवती फिरायचा थांबला की.”

गोदाक्कांनी झारा खाली केला. “म्हंजे कधीच न्हाई?”

“कधीच नाही,” सारथी म्हणाली.

अंबादास प्रामाणिक माणूस होता आणि प्रामाणिक माणसांमुळे फार त्रास होतो. चुकीची व्याख्या त्याला खड्यासारखी टोचत होती. तासाभरात त्यानं मुख्यालयाला चूक कळवून टाकली. मुख्यालयानं यापूर्वी कुठलंही काम इतक्या वेगानं केलं नव्हतं. संहितेची दुरुस्ती ताबडतोब आली, कडेगावकरांच्या सहीनिशी, ‘ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर’ हे शब्द ठळक करून. सारथीनं ती शांतपणे वाचली. दुरुस्ती पृथ्वीवरून आली आहे, ती म्हणाली. पृथ्वी वक्री आहे. अग्राह्य.

मग तिनं सांगितलं, की वक्री नसलेल्या ग्रहावरचा निरीक्षक व्याख्येत दुरुस्ती करू शकतो. शब्द तयार आहेत. यमुना टेमघरे यांनी ‘हो’ म्हणावं.

अंबादास यमुनासमोर उभा राहिला. त्याचे डोळे ओले होते. “ताई, दोनच शब्द आहेत. मी तुमच्या बाजूचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आपण चौकशीत भांडू, खरं सांगू, मी साक्ष देतो. पण हे चूक आहे न. विज्ञानाच्या हिशोबानं सपशेल चूक आहे. चुकीच्या व्याख्येवर का जगायचं आपण?”

यमुनानं पाना जागेवर ठेवला. ती ओरडली नाही. आता ओरडायला हवा भरपूर होती, तरी नाही.

“चूक आहे हे मला कळतंय, अंबादासभाऊ. बरोबर काय तेही तुम्ही मला छान समजावलंत. पण गोदाक्कांचे ओठ जांभळे पडले होते ना, तेव्हा मुख्यालयातल्या माणसांना नियमातला एक शब्द हलवता आला नाही. विश्वास नव्हता तरी हलवता आला नाही. आता मला दोन घालता येत नाहीत.”

सारथी उत्तराची वाट बघत होती. यमुना तिला म्हणाली, “नाही.” मग ती अंबादासला म्हणाली, की तुम्ही बरोबर आहात असं मी लिहून देते, हवं तर तुमच्या दुर्बिणीवर चिकटवा.